अमेरिकेतल्या आपल्या शहराच्या महापौरांचा इतिहास कसा वाचायचा: मिलवॉकी समोर ठेवून

आपली माणसं नोकरीनिमित्त अमेरिकेत येतात ती सगळीच काही न्यूयॉर्क-शिकागोला येत नाहीत, पाच-सहा लाख वस्तीच्या मधल्या शहरांतही येतात आणि पंधरा-वीस वर्षं राहतात. मुलांच्या शाळा, स्नो काढणं, ग्रोसरी सगळं अंगवळणी पडतं, पण हे शहर कुणी घडवलं असं पाहुण्यांनी विचारलं की गप्प बसावं लागतं. मी विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत आले तेव्हा माझंही तेच होतं. मग एकदा महापौरांची यादी उघडली तर १८४६ पासून चाळीसच्या वर नावं, पुढे सालं, आणि बाकी काहीच नाही. अशी यादी पाठ करून काहीही हाती लागत नाही. म्हणून मी हा इतिहास कसा वाचत गेले ते लिहितेय, तुमचं शहर दुसरं असलं तरी रीत हीच चालेल.

सगळ्यात आधी डोक्यातला आपल्याकडचा महापौर बाजूला ठेवा. मुंबई-पुण्यात महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांतून निवडला जातो, मानाची खुर्ची असते, सभा चालवतो, पण कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. मिलवॉकीत आयुक्त नावाचा प्रकारच नाही. लोक महापौराला थेट मत देतात, तो बजेट मांडतो, खात्यांचे प्रमुख नेमतो आणि कौन्सिलने केलेला ठराव व्हेटो करू शकतो, मग कौन्सिलला तो व्हेटो मोडायचा तर दोन तृतीयांश मतं लागतात. कौन्सिलचं नाव कॉमन कौन्सिल, सध्या १५ डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपल्याकडचे वॉर्ड, तिथल्या नगरसेवकाला अल्डरमन किंवा अल्डरवूमन म्हणतात. पण एवढं वाचून महापौर म्हणजे शहराचा राजा असंही समजू नका. बस काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या पातळीची, एअरपोर्ट काउंटीचा, शाळांना वेगळं निवडून आलेलं बोर्ड, आणि काउंटीला स्वतःचा निवडून आलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह. मला बरेच दिवस वाटायचं की बसचे रूट महापौर ठरवतात, शेजारच्या आजींनी सांगितलं तेव्हा कळलं. हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर जे महापौराच्या हातातच नव्हतं त्याचं श्रेय आणि दोष दोन्ही तुम्ही त्याच्या नावावर लावत बसाल.

दुसरं, घरात बसून सुरुवात करू नका, नदीवर जा. डाउनटाउनमध्ये विस्कॉन्सिन अव्हेन्यूने किंवा वेल्स स्ट्रीटने पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलात की मिलवॉकी नदीवरचा पूल लागतो आणि तो सरळ नाहीये, तिरका आहे. पुलाच्या मधोमध उभं राहून आधी मागे बघा आणि मग पुढे, अलीकडचा रस्ता आणि पलीकडचा रस्ता एका रेषेत येतच नाहीत. यामागे शहराच्या पहिल्या महापौरांची भांडणं आहेत. नदीच्या पूर्वेला सॉलोमन जुनोची वस्ती जुनोटाउन, पश्चिमेला बायरन किलबर्नची किलबर्नटाउन, आणि दक्षिणेला जॉर्ज वॉकरचं वॉकर्स पॉइंट. तिघांनाही आपापले प्लॉट विकायचे होते, किलबर्नला तर पूर्वेशी संबंधच नको होता, त्यामुळे रस्ते मुद्दाम जुळू दिले नाहीत. १८४५ साली पुलांवरून इतकी जुंपली की किलबर्नच्या माणसांनी एका पुलाचं आपल्या बाजूचं टोक नदीत पाडलं आणि पूर्वेकडच्यांनी तोफ आणून किलबर्नच्या घराकडे रोखली, पण त्याची मुलगी नुकतीच वारलीय हे कळल्यावर तोफ डागली नाही असं सांगतात. याला इथे ब्रिज वॉर म्हणतात. ३१ जानेवारी १८४६ ला तिन्ही वस्त्या मिळून एक शहर झालं आणि जुनो पहिला महापौर. नंतर किलबर्न दोनदा झाला, १८४८ आणि १८५४ ला, आणि वॉकरही दोनदा, १८५१ आणि १८५३ ला. म्हणजे जे तिघं एकमेकांचे पूल पाडत होते तेच तिघं आळीपाळीने त्या खुर्चीत बसले, आणि त्यांचं भांडण आजही तुमच्या पायाखाली तिरकं पडलेलं आहे. मला वाटतं यादीतलं पहिलं पान यापेक्षा चांगलं कुठल्याच पुस्तकात वाचता येणार नाही.

आता यादी हातात घ्या, पण वाचण्याआधी मुदत किती वर्षांची होती ते बघा. सुरुवातीला मुदत एक वर्षाची होती, म्हणून १९व्या शतकात नावं भराभर बदलतात, त्याचा अर्थ शहरात गोंधळ होता असा लगेच काढायचा नाही. पुढे दोन वर्षं झाली, मग चार. १९१६ नंतर तर चित्र एकदम उलटं, १९१६ पासून २०२१ पर्यंत शंभरावर वर्षांत निवडून आलेले महापौर फक्त सात. होन २४ वर्षं, फ्रँक झाइडलर १२, मायर २८, नॉरक्विस्ट जवळपास १६, बॅरेट १७ च्या वर. मधे कार्ल झाइडलर आणि जॉन बोन यांचा थोडा थोडा काळ. इतकी वर्षं एकच माणूस खुर्चीवर बसला की त्याचा स्वभाव शहराला चिकटतो, म्हणून या पाच नावांना जास्त वेळ द्या आणि १८६०-७० च्या दशकातली एकेक वर्षाची नावं पहिल्या फेरीत खुशाल सोडून द्या.

एक साधी वही करा. प्रत्येक नावापुढे निवडून आला की हंगामी, त्या वेळी हातात काय होतं, आडवं कोण आलं आणि मागे काय उरलं, एवढं लिहा. निवडून की हंगामी हा रकाना फालतू वाटतो पण तोच लागतो. उदाहरण देते. मिलवॉकीचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोण? मार्विन प्रॅट म्हणाल तर बरोबर, २००४ च्या सुरुवातीला नॉरक्विस्ट मुदत संपण्याआधी पद सोडून गेले तेव्हा कौन्सिलचे प्रेसिडेंट म्हणून प्रॅट काही महिने हंगामी महापौर होते. कॅव्हेलियर जॉन्सन म्हणाल तरी बरोबर, कारण ते निवडून आलेले पहिले, एप्रिल २०२२ ला. ते सुद्धा आधी हंगामीच झाले होते, टॉम बॅरेट लक्झेंबर्गला राजदूत म्हणून गेले तेव्हा. वहीत रकाना असला की वाद होत नाही.

आता मिलवॉकीचा जो भाग मला सगळ्यात आवडतो तो, आणि इथे घाई करू नका. या शहराने तीन सोशलिस्ट महापौर निवडून दिले, अमेरिकेत, आणि तिघांची वर्षं मिळून ३८ होतात. हे का झालं ते कळायला आधीचा माणूस वाचावा लागतो. डेव्हिड रोझ, १८९८ पासून मधली दोन वर्षं सोडून १९१० पर्यंत महापौर, त्यांच्या काळात महापालिकेत लाचखोरीची इतकी प्रकरणं निघाली की ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारी नागरिकांची मंडळं, बसल्या. मधली दोन वर्षं शेरबर्न बेकर, तिशीच्या आतला पोरगा, त्याला बॉय मेयरच म्हणायचे. लोक कंटाळले होते, शहरात जर्मन कामगारांची वस्ती मोठी आणि त्यांच्यात युनियन आणि सोशलिस्ट विचार आधीपासून रुजलेले, मग १९१० ला एमिल सायडेल निवडून आले, लाकूड कोरणारे कारागीर, ते काम त्यांनी जर्मनीत जाऊन शिकलेलं. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचे ते पहिले सोशलिस्ट महापौर. पुढे कवी म्हणून नावाजलेले कार्ल सँडबर्ग त्यांचे सेक्रेटरी होते.

इथे निकाल कसे वाचायचे ते शिकून घ्या. १९१० ला तिरंगी लढत होती. १९१२ ला डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन एकत्र आले आणि त्यांनी मिळून गेरहार्ड बाडिंग हे एकच डॉक्टर उमेदवार दिले. सायडेल यांना १९१२ ला आधीपेक्षा जास्त मतं पडली आणि तरी ते हरले. नुसतं हरले असं वाचलंत तर लोकांनी नाकारलं असं वाटेल, आकडे बघितले तर कळतं की त्यांचे मतदार वाढले होते, फक्त समोरचे एक झाले होते. आणि लगेच राज्याने कायदा करून शहराच्या निवडणुकीत मतपत्रिकेवरून पक्षाचं नाव काढून टाकलं. तेव्हापासून आजपर्यंत मिलवॉकीच्या मतपत्रिकेवर महापौराचा पक्ष छापलेला नसतो, म्हणून निकालाच्या तक्त्यात पक्ष शोधू नका, पक्ष वर्तमानपत्रात आणि भाषणांत सापडतो.

डॅनियल होन १९१६ ला आले ते १९४० पर्यंत. त्यांच्या लोकांना सुएर सोशलिस्ट म्हणायचे, म्हणजे गटारवाले. क्रांतीच्या गप्पा मारणाऱ्या पक्षातल्याच लोकांनी हे नाव हिणवून दिलं होतं, कारण मिलवॉकीवाले सारखे ड्रेनेज, पाणी, बाग, बंदर यांच्याबद्दलच बोलायचे. मला तर हे नाव फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे ज्यांनी चाळीत सकाळी नळाची रांग बघितलीय त्यांना सांगायला नको की गटार आणि नळ ही केवढी गोष्ट आहे. होन यांच्याच काळात शहराने गार्डन होम्स नावाची सहकारी घरांची वसाहत उभी केली, नगरपालिकेने पुढाकार घेऊन बांधलेली अमेरिकेतली ती पहिली. आणि एक वस्तू तुम्ही हातात घेऊन बघू शकता. हार्डवेअरच्या दुकानात बागकामाच्या भागात मिलॉर्गनाइट नावाच्या खताच्या पिशव्या असतात, तपकिरी बारीक दाणे. जोन्स आयलंडच्या सांडपाण्याच्या प्लँटमधला गाळ वाळवून ते खत करतात, १९२६ पासून. नावच मुळी मिलवॉकी, ऑर्गॅनिक आणि नायट्रोजन यांची अक्षरं जोडून केलेलं. ते घरच्या टोमॅटोच्या वाफ्यात पसरताना आपण शंभर वर्षांपूर्वीची महापालिका हातात धरलेली असते.

पण थांबा, याचं पूर्ण श्रेय होन यांना देऊन टाकू नका. सांडपाण्याचं कमिशन १९१३ सालचं, होन महापौर व्हायच्या तीन वर्षं आधीचं, आणि ते महापालिकेच्या खात्यापेक्षा वेगळं होतं. होन यांचं काम काय, तर असल्या जमिनीखालच्या, उद्घाटनाची फीत कापता न येणाऱ्या कामाला शहराने वर्षानुवर्षं पाठिंबा द्यावा असं वातावरण त्यांनी टिकवलं. प्रत्येक मोठ्या कामापुढे हा प्रश्न विचारा की सुरुवात कुणी केली, पैसा कुणी दिला, आणि पूर्ण झालं तेव्हा खुर्चीवर कोण होतं. तीन वेगळी उत्तरं येतात बऱ्याचदा. होन यांचा १९३६ साली टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला होता, एवढं नाव झालं, आणि चार वर्षांनी ते हरले.

हरवलं कुणी तर कार्ल झाइडलर यांनी, ३२ वर्षांचे, उंच, देखणे, गाणं म्हणणारे. दोनच वर्षांत त्यांनी महापौरपद सोडलं आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले, १९४२ च्या शेवटी दक्षिण आफ्रिकेजवळ त्यांचं जहाज बुडालं, कुणीच वाचलं नाही. १९४८ ला त्यांचे धाकटे भाऊ फ्रँक निवडून आले. कार्ल सोशलिस्ट नव्हते, उलट होन या सोशलिस्टाला त्यांनी पाडलेलं, आणि फ्रँक पक्के सोशलिस्ट. एका घरातले दोन भाऊ, दोन विचार, आणि धाकट्याला थोरल्याच्या आठवणीचा मतांत उपयोग झाला असं इथे सगळेच मानतात. नावं यादीत खालीवर वाचताना एकाच पक्षाचं घराणं असेल असं वाटतं, तसं नाहीये, म्हणून आडनाव दिसलं की थांबून बघायचं.

फ्रँक झाइडलर वाचताना नकाशा उघडा. त्यांनी आजूबाजूचा भाग शहरात जोडून घेत मिलवॉकीचं क्षेत्रफळ जवळपास दुप्पट केलं. त्याला उपनगरांनी जीव तोडून विरोध केला आणि १९५५ ला राज्याने ओक क्रीक कायदा केला, त्याने शेजारच्या टाउनला स्वतःचं शहर करून घेता यायला लागलं आणि मिलवॉकीभोवती जणू कडंच पडलं. लोकसंख्या बघा, १९१० ला ३,७३,८५७, १९६० ला ७,४१,३२४, तो कळस, आणि २०२० ला ५,७७,२२२. फ्रँक पदावरून गेले १९६० ला, म्हणजे बरोबर त्या कळसाच्या वर्षी. पुढच्या प्रत्येक महापौराला उतरत्या लोकसंख्येचं शहर चालवावं लागलं, तेव्हा त्यांची होनशी थेट तुलना करणं न्यायाचं नाही. १९५६ च्या निवडणुकीत फ्रँक यांच्याविरुद्ध अफवा उठवली होती की ते दक्षिणेत जाहिराती लावून काळ्या लोकांना मिलवॉकीत बोलावतायत. सगळं खोटं होतं, ते जिंकले, पण शहरात पुढे काय येणार आहे ते त्या अफवेत दिसतं.

ते आलं हेन्री मायर यांच्या काळात, १९६० ते १९८८. महापौराची बाजू तेवढी वाचायची नाही हे मी या भागातून शिकले. इथे आधी दुसरी माणसं वाचा. व्हेल फिलिप्स, कौन्सिलवर निवडून आलेल्या पहिल्या बाई आणि पहिल्या कृष्णवर्णीय, १९६२ पासून त्या ठराव मांडत होत्या की घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघायचा नाही. चार वेळा मांडला, चारही वेळा ठरावाच्या बाजूने एकच मत पडलं, त्यांचं स्वतःचं. भरलेल्या सभागृहात आपला एकटीचा हात वर करायचा, घरी जायचं, आणि पुन्हा मांडायचा. १९६७ च्या जुलैत दंगल झाली, मायर यांनी कर्फ्यू लावला, आणि ऑगस्टच्या शेवटी फादर जेम्स ग्रॉपी आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या युथ कौन्सिलची मुलं सोळाव्या रस्त्याच्या पुलावरून दक्षिणेकडे मोर्चा घेऊन निघाली, पलीकडे गोऱ्यांचा जमाव शिव्या आणि दगड घेऊन उभा. ते २०० रात्री चालत राहिले, मिलवॉकीच्या हिवाळ्यात. मायर यांचं म्हणणं होतं की एकट्या शहराने कायदा केला तर गोरे लोक उपनगरात निघून जातील, तो सगळ्या काउंटीला हवा. झाइडलरच्या वेळचं ते कडं आठवा म्हणजे या युक्तिवादात तथ्य काय होतं ते कळेल, आणि तरी माझं मत असं की त्यांनी कारण खरं सांगितलं आणि वेळ चुकवली. शहराचा कायदा झाला ३० एप्रिल १९६८ ला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, केंद्राचा कायदा झाल्यावर.

याच मायरच्या पानावर हातात काय होतं हा रकाना पण नीट भरा. पोलीस चीफ हॅरोल्ड ब्रायर १९६४ ते १९८४ होते आणि त्या काळच्या कायद्याने महापौराला त्यांना काढताच येत नव्हतं, नेमणूक फायर अँड पोलीस कमिशनची. म्हणजे पोलिसांच्या वागण्याचा राग लोक ज्याच्यावर काढत होते त्याच्या हातात ती दोरी पूर्ण नव्हती. आणि त्याच वर्षी, १९६८ ला, समरफेस्ट हा संगीत महोत्सव सुरू झाला, म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट बघून मायर यांच्या डोक्यात आलेली कल्पना, आज तो भरतो ते मैदान त्यांच्याच नावाचं आहे. आपण उन्हाळ्यात तिथे गाणी ऐकायला जातो. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहा, एक लिहून दुसरी झाकू नका.

नॉरक्विस्टसाठी जास्त वाचायची गरज नाही, त्यांनी काय पाडलं ते बघा. पार्क ईस्ट नावाचा फ्रीवेचा तुकडा त्यांच्या कारकिर्दीत २००२ ला पाडायला घेतला, शहराच्या पोटातून गेलेला रस्ता काढून परत गल्ल्या केल्या. बॅरेट यांची द हॉप नावाची ट्राम, २०१८ पासून. २००९ मध्ये स्टेट फेअरच्या बाहेर मदतीसाठी ओरडणाऱ्या एका आजींच्या हाकेला ते धावले आणि त्यांना लोखंडी सळईने मार बसला होता, हे इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतं.

कागद कुठे मिळतील? सेंट्रल लायब्ररी, विस्कॉन्सिन अव्हेन्यूवर, कार्ड काढा. फ्रँक झाइडलर यांचे कागद तिथेच आहेत, त्यांच्या नावाची खोली पण आहे. मायर यांचे कागद युनिव्हर्सिटीत, यूडब्ल्यूएमला म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन-मिलवॉकीला, तिथेच १९६७ च्या मोर्चांचं डिजिटल आर्काइव्हही आहे, घरबसल्या बघता येतं. सिटी हॉलमध्ये, १८९५ सालच्या त्या उंच मनोऱ्याच्या इमारतीत, लेजिस्लेटिव्ह रेफरन्स ब्युरो, म्हणजे शहराच्या कायदे-कागदांचं संदर्भालय आहे. जुनी वर्तमानपत्रं काढताना एक पेपर वाचून उठू नका, जर्नल आणि सेंटिनेल १९९५ पर्यंत वेगळे पेपर होते, आणि सोशलिस्टांचा स्वतःचा मिलवॉकी लीडर होता, तेव्हा एकाच निवडणुकीचा दुसरा दिवस तिन्हींत वाचा. निवडणूक एप्रिलमध्ये असते, प्राथमिक फेरी फेब्रुवारीत, त्यामुळे मार्चचे अंक सगळ्यात भरलेले.

मिलवॉकीत नसाल तर पहिली पायरी तीच, शहराची सनद म्हणजे चार्टर उघडून बघा की कारभार महापौर चालवतो की सिटी मॅनेजर. ओहायोतल्या डेटनने १९१३ च्या महापुरानंतर मॅनेजर नेमला, सिनसिनाटीत १९२० च्या दशकापासून मॅनेजर आहे, आणि तिथे शतकाच्या शेवटपर्यंत महापौर थेट लोकांतून निवडलाच जात नव्हता, म्हणून त्यांच्या यादीत एक-दोन वर्षांची नावं खूप दिसतात. ही पद्धत आपल्या महापौर-आयुक्त जोडीच्या बरीच जवळची, ओळखीची वाटेल. अशा शहरात वहीत मॅनेजरसाठी आणखी एक रकाना आखा आणि महापौराच्या शेजारीच त्याचं नाव लिहीत चला.